भुवईवरची खूण

केस कापणारा माणूस बोलका असतो असा सगळ्यांचा समज. भाऊंनी तो एकट्याने खोटा पाडला होता. गिऱ्हाईक बोलायचं, भाऊ ‘हं’ म्हणायचे आणि कात्री चालू राहायची. दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक अरुंद खोली. एक खुर्ची, तिच्यापुढे भिंतभर आरसा, आरशाखाली ब्रश-बाटल्यांसाठी एक दगडी फळी, आणि खुर्चीच्या मागे, पलीकडच्या भिंतीला लागून, नंबर येईपर्यंत बसायला एक लांब बाकडं. एवढ्याच ऐवजावर भाऊंनी घर चालवलं आणि एक मुलगा मोठा केला.

मुलगा मात्र बापावर गेला नव्हता. त्याची टकळी सकाळी सुरू व्हायची ती झोपेपर्यंत. आणि टाळूवर त्याला असा एक तुरा होता, की पाणी मारा, तेल चोपडा, तो काही आडवा व्हायला तयार नाही. सगळ्या गावाच्या डोक्यांना वळण लावणाऱ्या भाऊंनी पोटच्या पोराच्या तुऱ्यापुढे हात टेकले होते. त्यावरून आई त्याला ‘कोंबड्या’ म्हणायला लागली आणि ते नाव असं चिकटलं, की हजेरीची वही सोडली तर त्याचं खरं नाव कुणी वापरलंच नाही. कोंबड्या मोठा झाला, सैन्यात गेला, समुद्रापलीकडच्या एका देशात पाठवला गेला आणि तिथल्या चकमकीत मारला गेला. त्या देशाचं नाव भाऊंना आजही धड उच्चारता येत नाही. पेटी आली ती बंद. उघडू नका, असं बरोबरच्या अधिकाऱ्याने खालच्या आवाजात सांगितलं, आणि आईबापांनी ऐकलं. त्याला आता चार वर्षं होऊन गेली होती.

चार वर्षांत रडणं थांबत नाही, फक्त वेळकाळ बघून यायला शिकतं. भाऊ दुकान उघडत होते. त्यांची बायको बसस्टँडवर तिकीट खिडकीत बसायची, तीही कामावर जात होती. संध्याकाळी दोघं जेवताना भाजीच्या मिठाबद्दल बोलायची, छपराबद्दल बोलायची. कोंबड्याबद्दल फारसं बोलायची नाहीत. एकाने विषय काढला तर दुसऱ्याला त्रास होईल, अशी दोघांची समजूत होती.

अशात एक दिवस शाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या आणि बाकड्यावर टेकल्या. शाळेने वाचनाची नवी खोली बांधली होती आणि तिला कोंबड्याचं नाव द्यायचं ठरलं होतं.

“आयुष्यात एक पुस्तक पुरं केलं नाही त्याने,” भाऊ म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं.

“मला माहीत नाही का ते? मीच शिकवलंय त्याला,” बाई हसल्या. “पण खोलीत दंगा करायला सगळ्यात आधी तोच गेला असता. भाऊ, एक मोठा फोटो द्या, समोरून काढलेला. दारातून शिरताना मुलांना तो दिसला पाहिजे. शनिवारी लावू या.”

फोटो! इथेच घोडं अडलं. घरात फोटो नव्हते असं नाही, पण एक तर ते लहानपणचे, उघडंनागडं पोर कुणाच्या तरी कडेवर. नाही तर गणवेशातले, टोपीच्या सावलीत अर्धा चेहरा बुडालेला. कोंबड्याला एका जागी उभं करून फोटो काढणं म्हणजे मांजराला अंघोळ घालण्यातला प्रकार. शेवटी कोपऱ्यावरचा फोटोवाला कामी आला. सैन्यात अर्ज करताना कोंबड्याने त्याच्याकडे फोटो काढला होता. फोटोवाल्याने दुकानातले जुने डबे उपसले आणि फिल्म शोधून काढली.

दोन दिवसांनी, संध्याकाळी, तो भाऊंच्या घरी आला. बगलेत पुठ्ठ्यात बांधलेले दोन मोठे फोटो.

“भाऊ, वहिनी, दोन कागदांवर काढलेत. एक चकचकीत, एक साधा. कुठला बरा वाटतो ते सांगा, त्याला चौकट करतो.”

त्याने दोन्ही फोटो जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि खोलीत एकदम कोणी तरी आल्यासारखं झालं. छातीपर्यंतचा कोंबड्या, गोल गळ्याच्या सदऱ्यात. चेहरा जवळजवळ खऱ्या आकाराचा. फोटोवाल्याने ‘हलू नकोस’ म्हणून दम दिला असणार, त्यामुळे तोंड मिटलेलं. पण हसू ओठाच्या एका कोपऱ्यातून निसटलेलंच होतं. तुरा उभा. भुवईवर ती बारीक पांढरी खूण. पाच वर्षांचा असताना तो दुकानातल्या खुर्चीवरून घसरला होता आणि दगडी फळीची कड लागली होती. बायकोने पदर तोंडाला लावला. भाऊंनी एका फोटोवरून दुसऱ्यावर नजर फिरवली. मग त्यांनी चकचकीत फोटोवर बोट ठेवलं.

“हा.”

“कागद आवडला होय? की फोटो?” बायकोने डोळे पुसून पाहिलं, आणि तिच्या कपाळावर आठी आली. “अहो, हा उलटा आलाय! खूण बघा ना. त्याच्या डाव्या भुवईवर होती.”

“डावीकडेच आहे की.”

“तुमच्या डावीकडे! फोटोतला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो. त्याची डावी ती आपली उजवी. दिवसभर खिडकीत मी तोंडंच तर बघते.”

फोटोवाल्याचा चेहरा उतरला. त्याने खिशातून फिल्म काढली, दिव्यापुढे धरली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि जीभ चावली. “वहिनींचं बरोबर आहे. चकचकीत कागदावर छापताना फिल्म उलटी बसली. साधा आहे तो सुलटा. माफ करा, भाऊ, कामाच्या धबडग्यात लक्षातच आलं नाही.”

एवढ्यावर विषय मिटायला हवा होता. डावं-उजवं भाऊंना कळत नव्हतं असं थोडंच होतं? बायको म्हणते तो हिशेब त्यांना चटकन पटला. पण हिशेब पटला आणि चेहरा पटेना. त्यांनी साध्या कागदावरचा फोटो उचलून जवळून पाहिला, लांब धरून पाहिला. नाक तेच, हनुवटी तीच, आणि तरी सगळं एवढं-एवढंसं सरकलेलं. हसू नको त्या कोपऱ्यातून निसटत होतं. तुरा नको तिकडे कलला होता. त्यांच्या पोराचा कुणी चुलतभाऊ असता, तर तो असा दिसला असता.

“हा त्याच्यासारखा दिसतो,” भाऊ म्हणाले. “पण हा तो नव्हे.”

“काय बोलताय तुम्ही!” बायको म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून गेलं ते गेलं. “स्वतःच्या पोराचा चेहरा विसरलात?”

फोटोवाल्याने चहाला नको म्हटलं आणि काढता पाय घेतला. बायको उठून भांडी घासायला लागली, घासलेलीच पुन्हा घासायला लागली. भाऊ टेबलाशी बसून राहिले. राग त्यांना आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना भीती वाटत होती, आणि ती गेल्या वर्षापासूनची होती. कोंबड्याचा आवाज अलीकडे त्यांना नीट आठवत नसे; शब्द आठवायचे, पण ते कुणाच्याही आवाजात ऐकू यायचे. निदान चेहरा तरी आहे, असं ते मनाला समजावत. बंद पेटीने शेवटचा चेहरा बघू दिला नव्हता. मनातला तेवढा शिल्लक होता, आणि आता कळत होतं की तोही भलताच होता. पोराला जाऊन चार वर्षं होतात न होतात तोच बापाने मनात दुसराच कोणी बसवला, यापेक्षा मोठं दिवाळं ते कुठलं!

सकाळी बायको उठायच्या आत त्यांनी साधा फोटो पुठ्ठ्यात गुंडाळला आणि दुकानात नेला. बेत अगदी शाळकरी होता. पाढे पाठ करतात तसा हा चेहरा पाठ करायचा. दिवसभर समोर ठेवायचा, म्हणजे शनिवारपर्यंत ओळखीचा होईल. शाळेत चारचौघांत पोराच्या फोटोकडे परक्यासारखं बघत उभं राहायची पाळी तरी येणार नाही. त्यांनी फोटो आरशाखालच्या दगडी फळीवर टेकवून ठेवला आणि झाडलोट करता करता त्याच्याकडे बघत राहिले. चुलतभाऊ ढिम्म हलला नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नेहमीचे पेन्शनर. डोक्यावर केस असे नव्हतेच, पण महिन्यातून एकदा कात्रीचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांनी आत येतानाच बोलायला सुरुवात केली होती, पाणी वेळेवर येत नाही इथपासून. बोलत बोलतच ते खुर्चीत बसले आणि बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा काढून भाऊंच्या हातात दिला. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचा हात दिसायची मारामार. चष्मा ठेवायला फळीवर जागा हवी, ब्रशाला जागा हवी; म्हणून भाऊंनी फोटो तिथून उचलला आणि मागच्या बाकड्यावर, भिंतीला टेकवून ठेवला. मग पेन्शनरांच्या अंगावर कापड टाकलं, मानेशी गाठ मारली, पाण्याचा फवारा मारला.

कानामागचे केस निम्मे झाले असतील. पाण्याचा विषय संपून पेन्शनर मुलाच्या सासऱ्यावर घसरले होते. मध्येच ते थांबले आणि डोळे बारीक करून आरशात बघायला लागले.

“भाऊ, मागे कोण पोरगा बसलाय? केव्हाचा गुमान बसून आहे बिचारा. त्याला कामाला जायचं असेल. त्याचं उरका आधी, मी काय, रिकामटेकडा!”

भाऊंनी मान वर केली.

आरशात कोंबड्या होता. खुर्चीच्या मागे, बाकड्यावर, भिंतीला पाठ लावून बसलेला. हसू त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यातून निसटत होतं. तुरा जिकडे कलायला हवा तिकडे कलला होता. खूण तिच्या जागेवर होती. तसूभर कुठे काही सरकलेलं नव्हतं. तो सरळ भाऊंच्या डोळ्यांत बघत होता, ‘बाबा, या बुवांना आवरा’ म्हणायचा तेव्हा बघायचा तसा.

भाऊंनी मागे वळून पाहिलं. बाकड्यावर चुलतभाऊ. पुन्हा पुढे पाहिलं. आरशात त्यांचा मुलगा.

कात्री हवेत तशीच राहिली. पेन्शनरांना वाटलं, भाऊ त्यांच्या म्हणण्याचा विचार करताहेत. भाऊंनी कात्री पुन्हा त्यांच्या कानामागे नेली.

“त्याला घाई नाही,” ते म्हणाले. “तुम्ही बसा.”

आणि त्यांनी त्या चार केसांची अशी काही मशागत केली, की पेन्शनर शेवटी खुर्चीतच पेंगले. एवढा वेळ भाऊंनी नवरदेवाच्या डोक्यालाही कधी लावला नव्हता.

दुपारी बायको दुकानात आली. तिची जेवणाची सुट्टी होती. खरं तर ती कधी दुकानाकडे फिरकायची नाही, पण कालचं बोलणं तिला सकाळपासून टोचत होतं. माफी मागायची पद्धत त्या घरात नव्हती. त्याऐवजी तिने डबा आणला होता, आणि त्यात भाऊंना आवडते तशी करपवलेली बटाट्याची काचरी होती.

“हे घ्या. आणि काल मी जे बोलले—”

“आधी बस,” भाऊ म्हणाले.

“कुठे?”

“खुर्चीत.”

“मी? तुमच्या खुर्चीत? वेड लागलंय का?” एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्या खुर्चीत एकदाही बसली नव्हती. पण नवऱ्याचा चेहरा पाहून ती गपचूप बसली. भाऊ तिच्या मागे, आपल्या रोजच्या जागी उभे राहिले, आणि अर्धं पाऊल बाजूला सरले.

“आता समोर बघ.”

तिने पाहिलं. आधी तिला स्वतःचाच दमलेला चेहरा दिसला, मग खांद्यामागे नवरा, आणि नवऱ्याच्या पलीकडे, बाकड्यावर, मुलगा.

“हा तर कालचा उलटा,” ती म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं. तिने खुर्चीतून मागे वळून फोटो पाहिला, परत आरशात पाहिलं. “म्हणजे तुम्ही—”

“घरात तो कधी एका जागी बसला?” भाऊ म्हणाले. “मी सकाळी दुकान उघडायला बाहेर, रात्री येईपर्यंत त्याचा डोळा लागलेला. सुट्टीच्या दिवशी मी घरी, तर तो अंगणाबाहेर. त्याला निवांत बघायला मिळायचं ते इथे. अंगावर कापड टाकलं की हात बांधल्यासारखा व्हायचा. तो पुढे, मी मागे. लहानपणापासून मी त्याला आरशातच बघितला. जे काय बोललो ते आरशात बोललो.”

“तुम्ही बोलायचात?” बायकोला राहवलं नाही.

“तो बोलायचा,” भाऊंनी कबूल केलं. “नापास झालो म्हणून इथेच सांगितलं. सैन्यात जातो म्हणून इथेच सांगितलं. मी समोर असलो की त्याची चुळबुळ व्हायची. मागून बरं पडायचं त्याला.”

ती आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली. चार वर्षांत ती दोघं एवढा वेळ एकमेकांकडे बघत बसली नव्हती. आरशामुळे तिलाही बरं पडत असावं.

“शेवटचे केस कापलेत तेव्हा काय म्हणाला?”

भाऊंनी कंगवा उचलला, ब्रश झटकला, पुन्हा खाली ठेवला. “म्हणाला, ‘बाबा, मला भीती वाटते. पण आईला सांगू नका.’”

बायकोने मान खाली घातली. मग तिचे खांदे हलायला लागले. भाऊंना वाटलं, ती रडते आहे. आणि ती रडतच होती, पण हसतही होती.

“मला स्टँडवर काय म्हणाला माहीत आहे? बस सुटायच्या आधी मी त्याचं तोंड असं दोन्ही हातांत धरलं होतं. म्हणाला, ‘आई, जाम टरकलीय माझी. बाबांना कळू देऊ नकोस.’”

“गाढव,” भाऊ म्हणाले, आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढी वर्षं दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून जपून ठेवली होती. पोराचा शब्द पाळण्यापायी तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि पोराने दोघांच्याही हातात तीच किल्ली ठेवलेली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुम्ही काय म्हणालात त्याला?”

हा प्रश्न भाऊ स्वतःला रोज विचारत होते. “‘हं’ म्हणालो,” ते म्हणाले. “दुसरं काही सुचलंच नाही गं. नुसतं ‘हं’.”

“मग तो?”

“हसला. म्हणाला, ‘कळलं, बाबा.’”

“मग कळलं असणार,” बायको म्हणाली. “मलाही कळतं की तुमचं ‘हं’. आणि हेही ऐका. काल मी बोलले ते चुकीचं होतं. तुम्ही काही विसरला नाहीत.”

काचरी गार झाली होती, तरी दोघांनी बाकड्यावर बसून ती संपवली. मध्ये फोटो, दोन बाजूंना दोघं. मग शनिवारचं ठरलं. शाळेला सुलटा द्यायचा. तिथली मुलं समोरून येणार, त्यांना समोरून दिसतो तसाच दिसू दे. आणि तसाच आणखी एक फोटोवाल्याकडून छापून घ्यायचा, तो इथे दुकानात, बाकड्यामागच्या भिंतीवर लावायचा. भाऊ खिळा ठोकायची जागा दाखवायला हात उंच करून उभे राहिले.

“एवढ्या वर नको,” बायको म्हणाली. “खाली घ्या. बसलेला दिसला पाहिजे.”

भाऊंनी हात खाली आणला. ती पुन्हा जाऊन खुर्चीत बसली आणि आरशात बघून ‘अजून खाली, आता जरा डावीकडे’ असं सांगत राहिली. जागा मनासारखी झाल्यावर ती उठली, रिकामा डबा पिशवीत टाकला आणि दारात थांबली.

“तो चकचकीत, उलटा. तो फोटोवाल्याला परत देऊ नका. मला हवाय.”

“तुला? तुला तर सुलटा ओळखीचा.”

“म्हणून तर,” ती म्हणाली. “आरशात बघून भांग पाडायचा तो. त्या तुऱ्याशी झटापट करायचा. म्हणजे त्याला स्वतःचं तोंड तसंच माहीत होतं ना? तुम्हाला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं. मला एकटीलाच ठाऊक नव्हतं. घरी लावते. मलाही त्याची ओळख होऊ दे.”

“हं,” भाऊ म्हणाले.

बायकोने मान हलवली, आणि तिकीट खिडकी उघडायची वेळ झाली म्हणून ती झपझप निघून गेली.